पाटीवर नाव कुणाचं?

बाईच्या नशिबात आयतं ताट किती वेळा येतं? माहेरी गेल्यावर दोन-चार दिवस, बाळंतपणात सव्वा महिना, आणि आजारी पडलीच तर... तेही घरात दुसरं कुणी बाईमाणूस असेल तर! हॉटेलात जेवायला गेलं तरी पोरांना भरवणं आणि 'सासऱ्यांना तिखट चालत नाही हो' म्हणून वेटरला सांगणं आपल्याच वाट्याला. 'फॅमिली ट्रिप'चं तर विचारूच नका. आदल्या रात्री दशम्या-चटण्या करून निघायचं आणि परत आल्यावर वाळूने भरलेले कपडे धुवायला बसायचं. सुट्टी असते ती बाकीच्यांची.

म्हणून यंदा जानेवारीत आमच्या बोईसरच्या भिशीतल्या आम्ही चौघींनी ठरवलं, भिशीच्या पैशांतून ना साडी घ्यायची, ना मिक्सर. दोन रात्री कुठेतरी राहायला जायचं. आणि ते 'कुठेतरी' म्हणजे महाबळेश्वर नाही की गोवा नाही. केळवे!

चौघींच्याही घरी एकच प्रश्न आला, "केळव्याला? आणि राहायला कशाला? संध्याकाळी घरी या की!" एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "समुद्रच बघायचाय तर आपली चिंचणी काय वाईट आहे?" त्यांचंही खरंच. लांब गेलेली बाई रात्री मुक्कामाला राहिली तर कुणी काही बोलत नाही. पण घरापासून तासाभराच्या अंतरावर रात्र काढायची म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलंय, असं लोकांना वाटतं. बिनसलं काहीच नव्हतं. आम्हाला फक्त सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा प्यायचा होता.

तीन स्टेशनांवरचं परगाव

बोईसरहून विरारकडे निघालं की उमरोळी, पालघर आणि तिसरं केळवे रोड. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि आमच्याकडच्या बायकांचं जाणं-येणं खूप सोपं झालं. स्टेशनपासून गाव चांगलं सात-आठ किलोमीटर आत आहे, त्यामुळे रिक्षा करावी लागते. एमआयडीसीच्या धुराची सवय झालेल्या नाकाला इथे पहिल्यांदा जाणवतो तो ओल्या मातीचा आणि केळीच्या पानांचा वास. दोन्ही बाजूंना वाड्या. नारळ, सुपारी, केळी आणि त्यांच्या सावलीत चढवलेल्या पानवेली. केळवे-माहीमच्या खाऊच्या पानांचं नाव फार जुनं आहे, बरं का.

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला, पण हा किनारा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा नावाजलेला. माहीम तर एके काळी तालुक्याचं नाव होतं. पुढे रेल्वे गेली पालघरवरून आणि कारभारही हळूहळू तिकडे सरकला. मुंबईच्या माहीमशी गल्लत नको म्हणून या माहीमला लोक 'केळवे-माहीम' म्हणतात.

अलीकडे केळवे गावात शिरलं की पाट्याच पाट्या दिसतात. 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.' 'शुद्ध घरगुती पद्धतीचे शाकाहारी-मांसाहारी जेवण.' शनिवार-रविवारी मुंबई-ठाणे-विरारकडून गाड्या येतात, आणि गावातली कित्येक घरं मागच्या अंगणात चार खोल्या काढून पाहुणे ठेवतात. आमचं घरही त्यातलंच. पुढे ओटा आणि पडवी, मागे वाडी, आणि वाडीच्या कडेने बांधलेल्या चार खोल्या. खोल्यांना नंबर नव्हते. 'विहिरीकडची', 'फणसाखालची', अशी नावं होती. आम्हाला विहिरीकडची मिळाली.

बुकिंग फोनवर झालं होतं, घरातल्या काकांशी. ॲडव्हान्सही त्यांच्याच नंबरवर पाठवला होता. दर माणशी. त्यात राहणं, दोन वेळचा चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. मासळीचं वेगळं, बाजारभावाप्रमाणे. "पापलेट हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, सातपाटीहून आणावं लागतं," असं काकांनी बजावलं होतं. साहजिकच आहे. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा 'राज्य मासा' जाहीर केलं, तेव्हापासून त्याचा तोरा आणखीच वाढलाय! आम्ही आपले बोंबील सांगितले.

चौऱ्याऐंशी भाकऱ्या

पहिल्या दिवशी दुपारी पानावर बसलो. तांदळाची मऊसूत भाकरी, बोंबलाचं कालवण, केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं. वाढायला काकी आणि त्यांची सून. काकी साठीच्या. कपाळावर घाम आणि हातात भाकरीची टोपली. "घ्या हो, लाजू नका, घरचंच आहे," असं म्हणत पानात भाकरी पडायचीच.

आणि आमच्या चौघींचं काय झालं असेल? जेवण झाल्या झाल्या चौघीही ताटं उचलून मोरीकडे निघालो! काकींनी अडवलं. "ठेवा बघू तिथेच. पाहुणे आहात." बसलो परत. पण आयतं बसण्याची सवय नसलेल्या बाईला हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही हो! त्या दुपारी दोन तास झोपलो, चौघीही, कूस न बदलता.

रात्री मात्र स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसलो. मदतीला नाही, गप्पा मारायला. मुंबईहून दोन कुटुंबं आली होती आणि एक कॉलेजच्या मुलांचा ग्रुप होता. आमच्यासकट २८ पाहुणे. माणशी तीन धरल्या तरी ८४ भाकऱ्या, तांदळाच्या. ज्वारी-बाजरीची भाकरी थापणाऱ्यांना सांगते, तांदळाची उकड काढून, गरम असताना मळून भाकरी करणं हे हातांना चटके देणारं काम आहे. एका चुलीवर काकी आणि गॅसवर सून. मध्येच काका येऊन सांगून गेले, "फणसाखालच्यांना अजून दहा लागतील. आणि उद्या सकाळी पोहे नकोत, घावन हवेत म्हणतायत."

मी विचारलं, "काकी, उठता किती वाजता?"

"साडेचारला. पाणी तापवायचं, अंगण झाडायचं. सहाला पहिला चहा मागतात, समुद्रावर जायचं असतं ना त्यांना."

"आणि झोपता?"

"शेवटचा पाहुणा जेवला की. अकरा वाजतात." मग हसून म्हणाल्या, "पण मी काय करते हो? घरचंच तर काम आहे. धंदा हे बघतात."

हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. आपल्या प्रत्येकीच्या घरात ते कधी ना कधी उच्चारलं गेलंय, नाही का? फरक एवढाच, की इथे त्या 'घरच्या कामा'साठी माणसं शंभर किलोमीटरवरून पैसे मोजून येत होती. समुद्र फुकट आहे. सुरूची सावली फुकट आहे. पाहुणा पैसे देतो ते स्वच्छ चादरीचे, वेळेवर आलेल्या चहाचे आणि त्या गरम भाकरीचे. म्हणजे जो 'धंदा' काका बघत होते, तो खरं तर काकी करत होत्या! दारावरच्या पाटीवर मात्र काकांचं नाव, त्याखाली मुलाचं आणि दोघांचे मोबाईल नंबर.

वाळूतला किल्ला आणि देवीचं देऊळ

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेली. केळव्याचा किनारा लांबलचक, आणि त्याला सुरूच्या झाडांची दाट किनार. त्या सुरूच्या बनातच भुईकोट आहे, पोर्तुगीजांच्या काळातला. वर्षानुवर्षं वाळूत गाडला गेला होता. दुर्गप्रेमींनी कित्येक सुट्ट्या खर्ची घालून वाळू उपसली तेव्हा भिंती आणि दरवाजा मोकळा झाला. दांड्याच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात आणखी एक कोट आहे. लांबून पाहिलं तर नांगरून ठेवलेल्या गलबतासारखा वाटतो. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, पण भरतीची वेळ गावातल्या माणसाला विचारूनच निघायचं. पाणी सांगून चढत नाही.

या पट्ट्यात किल्ले किती! केळवे, माहीम, शिरगाव, उत्तरेला आमच्या बोईसरजवळचा तारापूर. सगळीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९च्या सुरुवातीला, हे किल्ले एकामागून एक मराठ्यांकडे आले. तारापूरच्या वेढ्यात बाजी भीवराव पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीजांची सत्ता संपली. शिरगावचा किल्ला आजही बऱ्यापैकी उभा आहे. त्यात ताडासारखं एक झाड आहे, त्याला चक्क फांद्या फुटल्यात. केळव्याला राहिलात तर माहीममार्गे शिरगाव-सातपाटीपर्यंत एका सकाळीत फिरून होतं.

किनाऱ्याजवळ शितलादेवीचं देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, असं गावात सांगतात. देवळात बसल्या बसल्या आमच्यातली एक, निवृत्त शिक्षिका आहे ती, म्हणाली, "बघा गं, या सगळ्या इतिहासात लढलेल्या पुरुषांची नावं आहेत. त्यांच्या फौजा महिनोन्महिने इथे पडून होत्या. त्यांना भाकरी कुणी घातली असेल त्याची नोंद नाही. एका बाईचं नाव तेवढं घेतात, अहिल्याबाईंचं. का? कारण खजिना त्यांच्या हातात होता."

विचार करण्यासारखं बोलली. अहिल्याबाईंनी काशीपासून कितीतरी ठिकाणी घाट आणि देवळं बांधली, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. परक्या माणसाची रात्रीची सोय करणं हे काम आपल्याकडे बायका पिढ्यान्पिढ्या करत आल्या आहेत. नाव राहिलं ते मात्र जिच्या हाती पैसा होता आणि कागदावर जिची सही चालत होती, तिचंच.

फ्लोरेन्सच्या आजीबाई

या शिक्षिकाबाईंकडे आणखी एक गोष्ट होती. त्यांचा मुलगा नोकरीला जर्मनीत होता, तेव्हा त्याने आईला इटली दाखवली. त्या रात्री ओट्यावर पाय पसरून बसलो आणि तिने फ्लोरेन्सचं वर्णन सुरू केलं. काकी तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"मोठ्या हॉटेलात नाही हो उतरलो. जुन्या गावात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आठ-दहा खोल्यांचं हॉटेल होतं, एकाच कुटुंबाचं. जिना इतका अरुंद की बॅग आधी आणि माणूस मागून. किल्लीला पितळेचा भला मोठा गोळा, म्हणजे कुणी विसरून खिशात घालून नेऊ नये! बाहेर जाताना किल्ली टेबलावर ठेवून जायची. आल्या आल्या पासपोर्ट बघून नाव लिहून घेतलं, पोलिसांना कळवावं लागतं म्हणे. आणि बिलाव्यतिरिक्त गावचा कर वेगळा, माणशी, दर रात्रीचा."

"आणि नाश्त्याला काय?" हा प्रश्न अर्थातच काकींचा.

"काही नाही हो. पाव, जॅम, एक गोड बन आणि कडक कॉफी. आपल्याकडच्यासारखं नाही." काकींना फारच समाधान वाटलं! "पण ती कॉफी घेऊन यायच्या घरातल्या आजीबाई, ॲप्रन बांधून. निघायच्या दिवशी मी बिल बघितलं. खाली सही आजीबाईंच्या लेकीची. ती मालकीण. वडील होते, ते बॅगा उचलायचे!"

आम्ही हसलो. सून हसली नाही. तिने विचारलं, "मालकीण म्हणजे कागदावर?"

"कागदावर."

इटलीत अशी लहान कौटुंबिक हॉटेलं फार जुनी. त्यांना 'पेन्सिओने' म्हणत. रात्रीचं जेवण पुष्कळदा घरच्यांबरोबरच व्हायचं. खेड्यात शेतकऱ्याच्या घरी पाहुणे ठेवण्यासाठी १९८५ साली त्यांनी वेगळा कायदा केला. त्यातली मुख्य अट अशी की शेती हीच मुख्य राहिली पाहिजे, पाहुणे जोडधंदा. महाराष्ट्रातही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आलं. त्याच्या आधीपासून एमटीडीसीची 'न्याहारी-निवास' योजना होतीच, म्हणजे कुटुंब राहतं त्याच घरातल्या मोजक्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या.

पण तिकडेही सगळं गोडगोड नाही. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात घरंच्या घरं पर्यटकांना भाड्याने दिली जाऊ लागली. मालक भलतीकडे, किल्ली दाराबाहेरच्या डबीत. गावातली माणसं गाव सोडायला लागली. शेवटी २०२३ साली तिथल्या महापालिकेने जुन्या भागात अशी नवी भाड्याची घरं काढायला बंदी घातली. व्हेनिसने २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांना प्रवेश शुल्क लावलं. गावात मुक्काम करणाऱ्याला ते माफ. का, ते केळव्याच्या किनाऱ्यावर सोमवारी सकाळी गेलं की समजतं. दिवसापुरता येणारा बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं टाकून जातो. मुक्कामाला राहणारा शहाळंवाल्याला, रिक्षावाल्याला, कोळणीला चार पैसे देऊन जातो.

वहीतला एक रकाना

दुसऱ्या रात्री जेवणं आटोपल्यावर सून आमच्या खोलीत आली. पंचविशी-सव्विशीची, पालघरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. आल्या आल्या विचारलं, "मावशी, बोईसरला एमआयडीसीत ऑफिसात हिशोबाच्या कामाला पगार किती मिळतो हो?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग तिने वही काढली. लग्न होऊन आल्यापासून ती हिशोब ठेवतेय. आधी सगळं सासऱ्यांच्या डोक्यात असायचं. तारीख, पाहुणे, तांदूळ, मासळी, गॅस, चादरींची धुलाई, वीजबिल. आणि शेवटी पेन्सिलने आखलेला एक रकाना, 'मजुरी'. त्यात तिने सासूबाईंची आणि स्वतःची रोजची मजुरी लिहून पाहिली होती. वाडीत कामाला येणाऱ्या बाईला जी मिळते तेवढीच, जास्त नाही. ती मजुरी धरली तर पावसाळ्याचे चार महिने धंदा चक्क तोट्यात होता. नफा दिसत होता, कारण दोन बायका फुकट राबत होत्या!

"बाबांना दाखवलं," ती म्हणाली. "हसले. म्हणाले, घरच्या माणसाला कसली मजुरी? हे ते घर कुणाचंय, तुमचंच ना? वाईट नाहीत हो ते. कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पण..."

हा 'पण' मोठा होता. खोल्यांची बाथरूमं जुनी झालीत, दुरुस्तीला कर्ज हवंय. राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण २०२३ साली आलं. त्यात महिलेने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. हिने कुठूनतरी माहिती काढली, सासूबाईंना घेऊन चौकशीलाही गेली. तिथे पहिलाच प्रश्न, "व्यवसाय कुणाच्या नावावर आहे?" घर सासऱ्यांच्या नावावर. विजेचं मीटर अजून आजेसासऱ्यांच्या. पैसे सासऱ्यांच्या खात्यात. आणि व्यवसाय? तो कुणाच्याच नावावर नाही, कारण तो कधी नोंदवलेलाच नव्हता. तीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या काकींकडे आपण हा व्यवसाय करतो असं सांगणारा एक कागद नव्हता.

"म्हणून विचारलं पगाराचं," ती म्हणाली. "तिथे निदान पगारपत्रकावर माझं नाव तरी येईल. पण मी गेले तर आईंना एकटीला झेपायचं नाही. मग बाबा खोल्या कुणा बाहेरच्याला चालवायला देतील. आईंचा चुलीशी बसायचा जीव... त्यांना ते सहन नाही व्हायचं."

या मुलीला सल्ला देणं सोपं नव्हतं. नोकरी कर म्हणावं तर काकींचं काय? राहा म्हणावं तर हिचं काय? आमची शिक्षिकाच म्हणाली, "नोकरीचं नंतर बघ. आधी कागद कर."

खानावळवाल्या बायकांनी केलं होतं

मुंबईच्या गिरणगावात हे एकदा घडून गेलंय, मैत्रिणींनो. गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या हजारो बायका होत्या. खोलीतच चूल, तिथेच पंगत. त्यांना वाणसामानासाठी सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसे घ्यावे लागत, कारण बँकेच्या लेखी त्या 'काहीच करत नव्हत्या'. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं, या बायकांना एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्या बायका आधीही रांधत होत्या, नंतरही रांधतच राहिल्या. कर्जाच्या कागदावर नाव आल्यावर मात्र बँकेला त्यांचं रांधणं 'व्यवसाय' म्हणून दिसायला लागलं.

जमिनीचंही तसंच. नवऱ्याची संमती असेल तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता यावं म्हणून 'लक्ष्मीमुक्ती'चा शासन निर्णय १९९२ सालीच झालाय. घराघरांत तो पोहोचला किती, ते ज्याने त्याने आपापला सातबारा काढून बघावं.

आम्ही निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा घेताना विषय काढला. लहान उद्योगाची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते, सरकारी फी एक पैसा नाही, आधार आणि पॅन लागतं. ती काकींच्या नावाने करता येईल, बँकेत काकींच्या नावाने खातं काढता येईल. सूनबाईने सासऱ्यांसमोर हे सगळं पहिल्यांदाच एवढं सविस्तर मांडलं. काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बघू." आता आपल्याकडच्या 'बघू'चे अर्थ तुम्हाला सांगायला नकोत! पण काकी तांदळाचं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "बघू काय? माझं आधार कार्ड कपाटातच आहे." आणि उठून आत गेल्या, आणायला.

महिन्याभराने सूनबाईचा फोन आला. नोंदणी झाली, काकींच्या नावाने. बँकेचं खातं निघालं. कर्जाचं काम अजून चालू आहे, घराच्या कागदपत्रांसाठी काकांची संमती लिहून घ्यायची आहे. नोकरीचा विचार तिने दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय, सोडलेला नाही. आणि मजुरीचा रकाना आता पेनने आखलाय! पाटी? ती अजून जुनीच आहे.

राहायला जाल तेव्हा

• केळवे, बोर्डी, डहाणू कुठेही घरगुती निवासात उतरलात, तर माणसं किती आणि शाकाहारी-मांसाहारी किती, हे आदल्या दिवशी नक्की सांगा. ऐनवेळी चार माणसं वाढली की त्या बाईची रात्रीची दोन तासांची झोप जाते.

• जेवणाची वेळ पाळा. "समुद्रावरून आलो की बघू" म्हणजे कुणीतरी चुलीपाशी ताटकळत बसतं.

• हिवाळ्यात गेलात तर उकडहंडी मागा. वालाच्या शेंगा, कंद, रताळी मडक्यात वाफेवर शिजवतात. वाडवळी घरातली ही हंडी बाजारात सहसा मिळत नाही.

• दरात घासाघीस करण्यापूर्वी भाकऱ्या मोजा.

• पोहायला उतरू नका म्हणून गावकऱ्यांनी सांगितलं तर ऐका. भरती-ओहोटीच्या वेळा घरातच विचारून घ्या.

• प्लास्टिक आपल्याबरोबर परत आणा.

• निघताना पैसे कुणाच्याही हातात द्या, पण 'जेवण फार छान होतं' हे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगा. ज्या हातांनी केलं त्यांना ऐकू जाऊ दे.

आणि तुमच्यापैकी कुणी घरी पाहुणे ठेवत असाल, डबे करत असाल, पापड-मसाले, शिवणकाम, पाळणाघर, काहीही करत असाल, तर आज संध्याकाळी एक वही काढा. त्यात आपल्या मजुरीचा रकाना आखा. मग कपाट उघडून बघा, घरातल्या कुठल्या कागदावर तुमचं नाव आहे. रेशनकार्ड सोडून!